तू सांगितलेल्या खानावळी

रामघाट, काशी
१६ ऑक्टोबर

अंतरा,

परवा संध्याकाळी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसून तुझा मेसेज वाचला आणि तिथेच माझं सगळं बदललं. लोकांचं बदलतं तेव्हा काहीतरी मोठं घडलेलं असतं. कोणी मरतं, कोणी पळून जातं. माझं बदललं ते घावण्यांनी.

मी तुला एवढंच लिहिलं होतं, "नोव्हेंबरात रत्नागिरीला येतोय. तुला भेटायला." तुझं उत्तर लगेच आलं आणि हे एवढं लांब. तुम्ही काशी सोडून रत्नागिरीला परतलात, त्यानंतरच्या वर्षभरात तू मला इतकं कधी लिहिलं नव्हतंस, म्हणून आधी आनंदच झाला बघ. मग वाचलं. सकाळी राम आळीत घावणं खा, चटणी पुन्हा मागून घे. दुपारी मिरकरवाड्याच्या रस्त्याला एका बाईंची खानावळ आहे, तिथे तव्यावरचा बांगडा घे, सुरमईच्या नादी लागू नकोस, शिळी असते. सोलकढी जास्तीची मागितली तर त्या नाही म्हणत नाहीत. मांडवीला संध्याकाळी गर्दी असते, लवकर जा. आणि शेवटी, "तुला शाकाहारीच हवं असेल तर मारुती मंदिरापाशी एक बरं आहे."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा. सगळ्या रत्नागिरीची चूल त्या मेसेजात पेटली होती, फक्त तुमच्या घरची नव्हती.

फोन पायरीवर आपटला. चक्काचूर. शेजारी जाळं विणत बसलेला नाववाला म्हणाला, "भइया, फेंकना ही था तो गंगाजी में फेंकते, पुन्न मिलता." त्याच्याशीही भांडलो. म्हणून आता हे कागदावर. फोन नाही, आणि घेणारही नाही.

तू म्हणशील, साधं कुठे जेवायचं ते सांगितलं तर एवढं काय आभाळ कोसळलं? तर ऐक. तू आमच्या घरी गणपतीत जेवलीस, पण तुला हे माहीत असायचं कारण नाही.

कोकणातून, देशावरून काशीला येणारे यजमान पिढ्यानपिढ्या आमच्याकडे उतरतात. अण्णा त्यांचे विधी करतात आणि आई त्यांना वाढते. काशीत आलेल्या मराठी माणसाला बाहेर जेवायला लागलं तर ती आमची नामुष्की. पण एखादा नको असतो. पिऊन आलेला, बायकांकडे बघणारा, आईवर खेकसणारा. अण्णा अशाला कधी "चालता हो" म्हणत नाहीत. ते त्याला फार प्रेमाने हॉटेलचा पत्ता देतात. "दशाश्वमेधाकडून डावीकडे वळा, तिथे पुरी छान मिळते, भाजीत कांदा नको असेल तर आधीच सांगा, दही मात्र संध्याकाळी घेऊ नका." जितका माणूस नकोसा, तितका पत्ता खुलासेवार. ते शब्द स्वयंपाकघरात ऐकू गेले की आई सुपातले त्याच्या वाटचे तांदूळ परत डब्यात टाकते.

मी लहानपणापासून तो तांदळाचा आवाज ऐकत आलोय, अंतरा. परवा तोच ऐकला.

तेव्हा सरळ सांग. मी आलो तर तुमच्या घरी माझं पान मांडलं जाईल का? हो की नाही, एवढंच. पत्ते नकोत.

शार्दूल


रामघाट
२९ ऑक्टोबर

अंतरा,

तू मालविकाच्या फोनवर फोन केलास. माझी बहीण मला फोन देताना अशी हसली की मी तिचा फोनसुद्धा आपटला असता. पण तुझा आवाज आला आणि मी जिन्यातच बसून राहिलो.

"अरे वेड्या, इथे येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, कुठे खाऊ म्हणून. तू विचारायच्या आधीच सांगितलं तर एवढा फाडून खातोस? आणि कागदावर पत्र कसलं लिहितोस, बाबांच्या हातात पडलं ना ते!"

"वाचलं त्यांनी?"

"नाही. पण मला विचारलं, काशीहून कोण लिहितं."

"मग काय सांगितलंस?"

तू म्हणालीस, "यजमानांचं काहीतरी असेल."

मला हसू आलं आणि रागही आला. मग मी विचारलं, घरी येऊ का. तिकडे कुकरची शिट्टी झाली, मला ऐकू आली. मग म्हणालीस, "तू ये तर खरा, बघू."

त्या "बघू"वर मी चार-पाच दिवस जगलोय. मालविका म्हणते, "दादा, बघू म्हणजे नाही." तिला काय कळतंय. ती अजून तिच्या क्लासच्या मुलांना घाबरते.

तुला आठवतं, मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं, काशीत काय काय खाल्लंस, आणि तू म्हणाली होतीस, "बँकेच्या क्वार्टरमधला आमटीभात." तुझ्या बाबांची, शरदकाकांची, बदली होऊन तुम्ही इथे आलात त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. आणि मी तुला काय दाखवणार? मी स्वतः कुठे काही खाल्लं होतं? चौदा वर्षांचा होईतो पाठशाळेत होतो. अण्णा बाहेरचं पाणी पीत नाहीत. कॉलेजला लागल्यावरसुद्धा आई डबा द्यायची आणि मी तो चुपचाप खायचो. काशीत जन्मून काशीतली कचौडी मी तुझ्याबरोबर पहिल्यांदा खाल्ली. तू विचारलंस, "तिखट आहे का रे?" आणि मी तोंड भाजत म्हणालो, "नेहमीचंच आहे." नंतर टमाटर चाट. थंडीत चौखंब्याची मलइयो, तो दुधाचा गोड फेस, तू म्हणालीस की हे खाल्लं की काहीच खाल्ल्यासारखं वाटत नाही. मला तर तेव्हापासून सगळंच तसं वाटतं.

आणि ते बंगाली हॉटेल. तुला मासे हवे होते. घरून निघताना तू काकूंना सांगितलंस लायब्ररीत जाते. पांडे हवेलीच्या अलीकडे, ती लाकडी बाकडी, भिंतीला ओल. तू रोहू मागवलास, पहिला घास घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. "शी, चिखल लागतो. समुद्राचा मासा खाल्लेला माणूस हे नाही खाऊ शकत." मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू खाणार?" मी खाल्ला. सगळा. तुझ्या पानातलाही. मला चिखल-बिखल काही लागला नाही.

बाहेर पडलो तर समोर ढुंढिराजकाका. अण्णांचे चुलतभाऊ. हातात पळीपंचपात्र. तू त्यांना नमस्कार केलास. ते तुला "सुखी भव" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो. त्या दिवसापासून मी घरच्या पंगतीत बसत नाही. म्हणजे मला बसवत नाहीत. कोणी रागावलं नाही. कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त संध्याकाळी अण्णा आणि यजमान बसले, पाट मांडले, आणि माझा पाट नव्हता. आई म्हणाली, "तू नंतर बस रे, आत." तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून खातो, स्टीलच्या ताटात. आणि कॉलेजातून मला काढलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "माफी मागितली असतीस तर काय झालं असतं?" सर भर वर्गात तुला माझी मालकीण आणि मला तुझा चपराशी म्हणाले. मी हजेरीचा कागद फाडला आणि ते म्हणाले, "माफी माँगो, नहीं तो निकलो." मी निकललो. आणि तू म्हणतेस काय झालं असतं. तुला खरंच कळत नाही का? का कळतं आणि तू तिथेही "बघू" म्हणतेस?

मी पाच तारखेला, कार्तिकी पौर्णिमेची इथली देवदिवाळी सोडून निघतोय. घर यजमानांनी भरलंय, अण्णांना माणूस हवाय, मी जातोय. पनवेलला गाडी बदलायची. तू घरी जेवायला बोलावलंस तर मी फक्त भात खाईन, मासा तुझ्या बाबांना.

शार्दूल


रत्नागिरी, बसस्टँडसमोरचा लॉज
९ नोव्हेंबर

अंतरा,

तू तिथे होतीस, तरी लिहितो. कारण तू आत होतीस आणि मी ओटीवर.

बरोबर जेवायच्या वेळी पोहोचलो होतो, ते मुद्दाम नव्हे. रिक्षावाल्याला थिबा पॅलेसचा रस्ता सापडेना. दार शरदकाकांनी उघडलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल. उलट खूश झाले. "अरे, शार्दूल! नरहर गुरुजींचा मुलगा! थेट काशीहून? जेवून आलायस ना?"

मी म्हणालो, "हो काका."

आता हे तुला समजून घ्यायला हवं. आमच्याकडे पहिलं "हो" धरतच नाहीत. जेवलात का म्हटलं की पाहुणा म्हणतो हो, जेवलो. मग घरचा माणूस म्हणतो, असं कसं, दोन घास. पाहुणा म्हणतो नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग तो उठतो आणि हात धुतो. पहिल्या विचारण्याला जो बसतो, त्याला आई नंतर हसते, "बिचारा, कधीचा उपाशी होता कोण जाणे." मी काकांना तसंच म्हणालो, जसं अण्णा म्हणतील. पनवेलच्या वडापावानंतर पोटात काही नव्हतं.

काका म्हणाले, "मग छान. बस जरा झोपाळ्यावर, आम्ही आटपून आलोच."

आणि ते आत गेले!

मग आतून काकूंचा आवाज, "शार्दूल, खरंच जेवलास ना रे बाबा?" ही दुसरी वेळ. मी म्हणालो, "हो काकू, खरंच." आणि तिसऱ्यांदाची वाट बघत बसलो. झोपाळ्याची कडी करकरत होती म्हणून पाय टेकवून थांबलो, न जाणो ऐकू यायचं नाही. आत ताटं वाजली. खोबरं आणि त्रिफळांचा वास आला. काका काहीतरी म्हणाले आणि तू हसलीस. तुझा भाऊ म्हणाला, "मला डोकं." तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

तुमची चूक नव्हे. तुमच्याकडे हो म्हणजे हो. हे मला झोपाळ्यावर बसल्या बसल्या कळलं, पण तेव्हा काय उठून आत जाऊन सांगणार, की काका, मी खोटं बोललो, वाढा?

मग तू आलीस. हाताला माशाचा वास, केस ओले, हातात सोलकढीचा पेला. मी तो एका दमात प्यायलो. तू म्हणालीस, "तहान लागली होती वाटतं." मी म्हणालो, "हो." मग तू पायरीवर बसलीस आणि मला सांगितलंस. इतकं सरळ सांगितलंस की मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचं सांगतेयस.

"पौष लागायच्या आत साखरपुडा आहे. देवव्रत नाव आहे. गोव्याला, बंदरात असतो."

मी विचारलं, "तुला आवडतो?"

"बरा आहे. बोलतो कमी. आईला आवडला."

"आणि मी?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, दयेनेही नाही. आठवून बघितल्यासारखं. "शार्दूल, त्या गावात मी एकटी होते रे. तू होतास म्हणून बाहेर पडता आलं, खाता आलं. तुझ्याइतकं माझ्यासाठी तिथे कोणी केलं नाही. पण मला कधी असं..." आणि तू वाक्य तिथेच सोडलंस. मग म्हणालीस, "तू त्या हॉटेलात मासा खाल्लास ना, मला वाटलं होतं तू खातोसच. तुमच्यात नाही चालत हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला आधी सांगायचंस ना. मी खाऊच दिला नसता."

मी काय बोललो आठवत नाही. काहीतरी मोठ्याने बोललो, कारण काका बाहेर आले. ते म्हणाले, "काय रे, काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही बाबा, प्रवासाने दमलाय." तू मला वाचवलंस. ते मला फार लागलं.

निघताना फाटकापाशी तू विचारलंस, "उद्या कुठे जेवणार आहेस?" मी फाटकाची कडी काढली. तू म्हणालीस, "त्या मिरकरवाड्याच्या बाईंकडे जा. पण रविवारी गर्दी असते, साडेअकरालाच जाऊन बस. आणि मांडवीचं मी सांगितलं होतं ना, तिथे नको जाऊस, आता नाही राहिलं चांगलं."

तेव्हा मला कळलं. तुझ्या मेसेजात काहीच नव्हतं. मी महिनाभर त्यात तांदूळ डब्यात पडल्याचे आवाज ऐकत होतो, आणि तू फक्त सांगत होतीस की बांगडा ताजा कुठे मिळतो. अगदी मनापासून. कोणालाही सांगशील तसं. तू मला हाकललं असतंस तर मला परवडलं असतं, अंतरा. हाकलायला आधी आत घ्यावं लागतं.

आज गेलो त्या बाईंकडे. लवकर गेलो. बांगडा ताजा होता. बाई म्हणाल्या, "एकटेच?" मी म्हणालो हो. त्यांनी आणखी भात आणला, मी नको म्हणालो, तर त्यांनी परत नेला. समोरच्या टेबलावर एक जोडपं भांडत होतं, ती म्हणत होती, "तुला साधं सोलकढी मागायची अक्कल नाही." मला वाटलं, तेवढं तरी. कोणी मला असं म्हणायला हवं होतं.

समुद्र बघितला. भाट्याच्या पुलावरून. तू म्हणायचीस गंगा बघून तुला गुदमरायला होतं, पलीकडचा काठ दिसतो म्हणून. मला समुद्र बघून तसं झालं. पलीकडे काहीच नाही.

शार्दूल


बनारस स्टेशन
५ डिसेंबर

अंतरा,

हे शेवटचं. घाबरू नकोस, माझ्या खिशातलं तिकीट रत्नागिरीचं नाही. कुठलं आहे ते तुला सांगत नाही, कारण तू लगेच सांगशील तिथे काय खायचं.

काल दत्तजयंती. आमच्याकडे त्या दिवशी मोठी पंगत असते. घाटावरची मराठी घरं, पाठशाळेतले गुरुजी, कोकणातले यजमान. मी सकाळी वरच्या खोलीत होतो. रत्नागिरीहून आल्यापासून मी कोणाशी भांडलो नव्हतो, म्हणून आई काळजीत होती. ती वर आली आणि म्हणाली, "खाली ये. अण्णा बोलावतायत."

अण्णा चौकात उभे होते, सोवळ्यात. हातात नवं जानवं. समोर पंचगव्याची वाटी. मला म्हणाले, "शार्दूल, झालं ते झालं. मी वाट बघितली, तू स्वतःहून येशील म्हणून. आज पौर्णिमा आहे. घाटावर बुडी मारून ये, जानवं बदल, संकल्प सोड, हे घे. आणि माझ्या शेजारी बस. पाट मांडलाय."

खरंच मांडला होता. त्यांच्या उजव्या हाताला. रांगोळी काढलेली. अंतरा, मी वर्षभर स्वयंपाकघराच्या दारातून तो पाट बघत होतो, कधी यजमान बसायचा, कधी ढुंढिराजकाका. तो पाट बघून माझे पाय आपोआप घाटाकडे वळले. मी खोटं बोलणार नाही. वळले. पाणी बर्फासारखं होतं. मी बुडी मारली, वर आलो, आणि ओलेत्याने परत आलो. आई रडत होती, आनंदाने. मालविका टॉवेल घेऊन उभी.

अण्णा संकल्प सांगू लागले. मी मागून म्हणायचं. तिथी, वार, नक्षत्र, वाराणसी क्षेत्र, माझं नाव, गोत्र. सगळं म्हटलं. मग आलं, "अभक्ष्यभक्षणदोषपरिहारार्थम्". म्हणजे जे खायला नको होतं ते खाल्लं, त्याचा दोष जावा म्हणून.

मी थांबलो.

अण्णांना वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले, सावकाश, पाठशाळेतल्या पोराला सांगावं तसं.

ढुंढिराजकाका पाटावरून म्हणाले, "क्यों, मछली का काँटा अटक गया क्या?" दोन-तीन जण हसले. एरवी मी त्यांच्या अंगावर गेलो असतो. काल नाही गेलो. मला राग आलाच नाही. मला ते हॉटेल दिसत होतं. ओल आलेली भिंत. तुझं वाकडं तोंड. तुझ्यासाठी ती एक फसलेली दुपार, हे मला आता माहीत आहे. तू विसरूनही गेली असशील. माझ्याजवळ तुझं म्हणून जे काही आहे, ते तेवढंच आहे, चिखल लागणाऱ्या माशाचं एक ताट. आणि मी हातात पाणी घेऊन, घाटावरच्या सगळ्यांसमोर, तो दोष होता असं म्हणायचं?

मी म्हणालो, "अण्णा, हे मला म्हणता येणार नाही."

"काय म्हणता येणार नाही?"

"मला त्याचं वाईट वाटत नाही."

ते एक पाऊल पुढे आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी कदाचित म्हटलंही असतं. ते हळू म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं, "त्या मुलीचं ठरलंय, मालविकाने सांगितलं मला. आता तू कोणासाठी अडून बसलायस?"

याचं उत्तर तुला सुचलं तर कळवू नकोस.

आई म्हणाली, "शार्दूल, म्हण रे. एक शब्द आहे. भात निवतोय."

मी ओंजळीतलं पाणी ताम्हनात सोडलं. अण्णा म्हणाले, "पंगत खोळंबली आहे." एवढंच म्हणाले आणि वळले. जाऊन आपल्या जागेवर बसले. माझा पाट तसाच रिकामा राहिला, तो कोणी उचलला नाही. त्यांनी चित्राहुती घातली, आणि मग सगळे जेवायला लागले. आईने वाढायला घेतलं. वरण पानाबाहेर सांडत होतं.

मी वर जाऊन कोरडे कपडे घातले. पिशवी भरली. खाली आलो तेव्हा दुसरा भात चालला होता. पंगतीच्या मागून, भिंतीला लागून दारापर्यंत गेलो. कोणी वर बघितलं नाही, मालविकानेसुद्धा नाही, ती मीठ वाढत होती आणि एकाच्या पानात पुन्हा पुन्हा वाढत होती.

गल्लीत समोरच्या छपरावर माकडं बसली होती. पंगतीचा वास आला की ती येतात, आणि दार उघडं दिसलं की आत शिरून पानावरचं उचलतात. मी बाहेर पडलो, आणि दार नीट ओढून घेतलं, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत.